धरणाकडे नेणारा जीपवाला

शिरड शहापूरजवळच्या गेस्टहाऊसवरून आम्ही सिद्धेश्वर धरण पाहायला निघालो होतो. पन्नाशीचा जीपवाला मोजकंच बोलायचा. त्याच्या शेजारी माझे वडील बसले होते. आई गेल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप समोर नसलेला ब्रेक दाबायचा. माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

हळदीच्या शेतांमधल्या मोकळ्या रस्त्यावर जीपवाल्याने गाडी थांबवली आणि तो खाली उतरला. "काका, आता तुमी घ्या."

"नको, त्यांना नाही जमणार," मी घाईने म्हणाले.

"ताई, त्यांचा पाय कवाचा गाडी चालवून राहिला. भेव तुमाला वाटून राहिलं."

वडील स्टिअरिंगमागे सरकले. धरण आलं, पण ते उतरलेच नाहीत. म्हणाले, "अजून जरा पुढे जाऊ."