सायीच्या रंगाची स्कूटर

रविवारी सकाळी माहेरी गेलं, की बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तीन-चार थोराड माणसं एका स्कूटरला आडवं करून तिच्या पोटाशी कान लावून बसलेली दिसायची. त्यांतला एक माझा धाकटा भाऊ. जुन्या स्कूटर पार सांगाड्यापर्यंत उघडायच्या आणि मनातल्या रूपात पुन्हा उभ्या करायच्या, हे या मंडळींचं वेड. कोणी हँडल खाली घेतं, कोणी हेडलाइट मडगार्डवर नेऊन बसवतं. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या मॉडेलला कसला स्क्रू होता ते झोपेतही सांगतील.

या खेपेला उघडलेली स्कूटर आमच्या पप्पांची होती. पप्पा गेल्यापासून ती जिन्याखाली धूळ खात होती, आणि आईनेही घराबाहेर पडणं सोडलं होतं. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती पप्पांच्या मागे बसून विहारात जायची, तेही बंद. रिक्षा आणू का म्हटलं तर नको, आणि माझी कार म्हणजे तिच्या मते डबा. भावाने स्कूटर मागितली तेव्हा मात्र ती म्हणाली, "कर. झाली की मला विहारात ने." पुढे कोणीही बाहेर चल म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "स्कूटर होऊ दे." आई पुन्हा जिना उतरणार की नाही, हे त्या स्कूटरवर येऊन ठेपलं होतं. मला त्याची धास्तीच वाटायची.

चहाचा ग्लास घेऊन मी पायरीवर बसायचे. पॉलिशपेपरची एकसुरी खरखर, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास, पत्र्यावर रेंगाळणारं ऊन. डोळे आपोआप मिटायचे. मग मी स्कूटरवर पुढे उभी असायचे, दोन्ही हातांनी हँडलचा मध्य धरून. तोंडावर वारा, टाळूवर पप्पांची हनुवटी. सारसबागेचे दिवे बाजूने वाहत जायचे आणि पर्वती आमच्याबरोबर थोडी चालून मग मागे राहायची. मी मोठी झाल्यावर ती पुढची जागा भावाला मिळाली. आम्ही दोघंही त्या वाऱ्यातून पुरते बाहेर आलेलो नाही असं मला वाटतं. डोळे उघडले की तो पत्र्यावरून तळहात फिरवत कुठेतरी बघत असायचा. तोही तिथेच असावा.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. रंगावरून बराच खल झाला आणि शेवटी दुधावरच्या सायीचा रंग ठरला. भर दुपारी तो पांढरा दिसायचा आणि ऊन उतरलं की पिवळसर, उबदार. मागचा भाग भावाच्या आयटीतल्या मित्राने कित्येक रविवार खपून घासला होता. त्यावर हात ठेवला तर घसरत खाली यायचा. "ताई, लाइन बघा ना, कसली क्लीन आलीय," तो म्हणायचा. मीही मान डोलवायचे, कारण खरंच सुंदर होती.

पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी स्कूटर दारात उभी राहिली. मित्र आपापल्या स्कूटर घेऊन आले होते. आई खाली आली. पांढरी साडी, खांद्याला पर्स, हातात मेणबत्त्यांचा पुडा. जिन्याची शेवटची पायरी ती उतरली तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. ती स्कूटरला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, सवयीने पाठ करून उभी राहिली आणि बसण्यासाठी एक हात मागे टेकवला. हात त्या गुळगुळीत पत्र्यावरून घसरला. मागे सीटच नव्हती.

या लोकांच्या जगात एका सीटची स्कूटर म्हणजे देखणेपणाची कमाल. मागच्या सीटची भोकं वेल्डिंगने बुजवून, घासून सपाट करताना कोणाच्याही मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. आम्हा दोघांच्या आठवणीतली स्कूटर पुढूनच होती. मागे आई असायची, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

आईने पदर सारखा केला. "छान झालीय," ती म्हणाली. "तुझ्यापुरती आहे."

"काकू, माझ्या गाडीवर चला ना, कम्फर्टेबल आहे," आयटीतला मित्र म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि ती वर निघून गेली. भाऊ तसाच किल्ली धरून उभा. मला त्याचा राग आला होता आणि माझाही.

आम्ही वर गेलो तर आई गॅलरीत बसली होती, रेक्झिन फाटलेल्या, शिवण घातलेल्या एका काळ्या सीटवर. स्कूटरच्या जुन्या सामानाबरोबर ती भंगारात जाणार होती, तेव्हा आईने उचलून आणली होती आणि तेव्हापासून ती रोज तिच्यावर बसून भाजी निवडायची. मी ते बघत होते, भाऊही बघत होता. आम्हाला वाटलं, हिला बसायला ठेंगणं काहीतरी हवं असेल.

"आई, जरा ऊठ," भाऊ म्हणाला. सीट काखेत मारून तो खाली गेला.

त्याने ड्रिल लावलं तेव्हा आयटीतल्या मित्राने तोंड फिरवलं. सायीच्या रंगाचे टवके फरशीवर पडत होते. मग तोच परत वळला, "थांब, वाकडी लावशील," म्हणाला आणि त्याने सीट दोन्ही हातांनी दाबून धरली. ती काळी, ठिगळाची सीट तिथे अगदी विजोड दिसत होती.

आई पुन्हा उतरली. बसली. तिचा उजवा हात भावाच्या खांद्यावर गेला. पूर्वेकडे चंद्र नुकताच वर आला होता. मी मागे उभी होते. आईला स्कूटरवर बसलेलं मी मागून कधीच पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यावर भावाने डावीकडचा इंडिकेटर लावला. बारीक नवा दिवा, तोही त्याने हौसेने बसवलेला. तो लुकलुकत असतानाच आईने डावा हात सरळ बाहेर काढला आणि वळण पुरं होईपर्यंत तसाच धरून ठेवला. पप्पांच्या स्कूटरला इंडिकेटर नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.