मावशीनं मला ओळखलं नाही

नागपूरला वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन करून मी बारीक झाले, तेव्हा मध्य प्रदेशात, बालाघाटात आमच्या गल्लीत माझ्याइतकी नशीबवान बाई दुसरी नाही, असं सगळे म्हणायचे. गुडघे दुखायचे थांबले होते, शुगर आटोक्यात आली होती. ऑफिसचा जिना मी दमून न थांबता चढायचे. हे सगळं खरंच होतं. म्हणून तर मला इतकं रडू का येतं, हे सांगायची सोय नव्हती.

नवरा मलाजखंडला, तांब्याच्या खाणीत. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. लग्न झाल्यापासून त्या दिवशी मी पाटवडीचा झणझणीत रस्सा आणि चिन्नोरचा भात करायचे आणि आम्ही एकाच ताटात जेवायचो. भांडण असलं तरी ताट एकच. ऑपरेशननंतर माझं जेवण वाटीभर झालं. त्यावर दोन घास गेले की घाम फुटायचा, उलटी व्हायची. मला वाईट वाटू नये म्हणून तो स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवू लागला. एकदा मी अचानक आत गेले, तर त्यानं तोंडातला घास घाईघाईनं गिळला.

"मले भुकेली कुत्री समजता का?" मी ओरडले. पुढचे बरेच शनिवार त्यानं ड्यूटी लावून घेतली.

ऑफिसात उलटंच. ज्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं, ते साहेब "मॅडम, आप तो पहचान में ही नहीं आतीं" म्हणत खुर्ची पुढे करू लागले. आधी बरं वाटलं, मग संताप आला. आधी तिथं बसायची ती कोण होती? आणि मी तरी आता कोण होते? दारातून मी अजून अंग चोरूनच जायचे. पूर्वी मन दुखलं की डबा उघडून बसायचे. आता तेही नव्हतं.

राजेगावला मावशीच्या नातवाचं लग्न निघालं. मांडवात मी मावशीच्या पाया पडले.

"कोन व्हय वं तू?"

"मावशी, मी. तुमच्या बहिणीची मोठी."

तिनं माझं मनगट चाचपलं. "अगं माय! बिमार आहेस का? काहून अशी झालीस?"

बायका हसल्या, कुणीतरी ऑपरेशनचं सांगितलं. मग मावशीनं आग्रह करून बुंदीचा लाडू तोंडात घातला. मला नाही म्हणता आलं नाही. थोड्याच वेळात छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरामागे जाऊन मी भडाभडा ओकले.

माझी धाकटी बहीण मागोमाग आली. ती बिरसा गावातल्या शाळेत शिकवते. पदरानं माझं तोंड पुसत ती म्हणाली, "ताई, का झालं?"

"मले जगावं असं वाटूनच नाही राह्यलं वं."

'सब ठीक हो जाएगा' असलं काही ती बोलली नाही. तिनं सरळ विचारलं, "मरायचं डोक्यात येते का?"

"हौ."

मग तिनं माझा हात सोडलाच नाही. मांडवातून नवऱ्याला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच त्याला सगळं सांगितलं. तो तिथंच ओट्यावर बसला. "मले वाटलं, तू माझ्यावर चिडून आहेस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गोंदियाला मनोविकारांच्या डॉक्टरकडे नेलं. या ऑपरेशननंतर काही जणांना असं होतं, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. अंग भराभर बदलतं, मनाला तेवढ्या वेगानं जाता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या पोटाला झेपतील अशी औषधं त्यांनी नागपूरच्या सर्जनला विचारून दिली. निघताना नवऱ्यानं चाचरत विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी हिच्यासमोर जेवू का नको?"

"ते तिलाच विचारा."

"समोर बसा," मी म्हटलं. त्या दिवशी बसस्टँडसमोर त्यानं पोहे खाल्ले आणि मी शेजारी बसून ताक घोटघोट प्यायले. आम्ही दोघंही अवघडलेलो होतो, पण बसलो होतो.

औषधं अजून चालू आहेत. बहीण सकाळी शाळेला निघताना फोन करते. "कशी आहेस?" कधी मी 'बरी' म्हणते, कधी 'नाही.' 'नाही' म्हटलं की ती फोन ठेवत नाही. शाळेची घंटा ऐकू येते, पोरांचा गलका ऐकू येतो, आणि ती म्हणते, "बोल, मी ऐकून राह्यली."