साचा माझा, चेहरा सुमीचा

आजोबांनी देव्हारा उतरवला आणि विहाराची वाट धरली, तेव्हापासून आमच्या घरात उतारा, गंडादोरा, भूतखेत यांना जागा नाही. मी स्वतः जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. तरीही हे लिहितेय… कुणाला कारण सापडलं तर सांगा.

लातूर नुकताच उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला होता. पावसानं दगा दिलेला, नळाला पाणी आलं तर आलं. मी मूळची नांदेडची. आई लवकर गेली, वडील रेल्वेत, सतत ड्युटीवर – म्हणून शिकायला लातूरला मामाकडे राहायचे. मामेबहीण सुमी माझ्याच वयाची. मामीनं खाण्यापिण्यात कधी दुजाभाव केला नाही. पण लेकीला ती ‘सुमे’ म्हणायची आणि मला ‘वंदना’. पाहुणीला म्हणावं तसं, पूर्ण आणि नीट. ते मला फार लागायचं. त्यात सुमीचा गळा गोड, अक्षर सुरेख… तिच्या हनुवटीवरच्या खळीचंसुद्धा गल्लीभर कौतुक.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत मुखवटे बनवण्याचं वर्कशॉप निघालं. नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमात मुखवट्यांचं नाटक होतं – जुळ्या बहिणींचं. शिकवायला उदगीरचे काशिनाथ सर. आम्ही दोघी गेलो. प्रत्येकानं येताना घरून पाण्याची कळशी आणायची, अशी अट होती.

चेहऱ्याला खोबरेल चोपडायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून वर प्लास्टर थापायचं. घट्ट होताना ते गरम होतं. उचललं की आत चेहऱ्याचा साचा. त्यात खळ लावलेल्या कागदाचे थर द्यायचे, वाळले की मुखवटा सुटतो.

माझ्या चेहऱ्याचा साचा सुमीनं घेतला. डाव्या भुवईला तेल कमी पडलं आणि काढताना केस उपटून साच्यातच राहिले. म्हणून सांगते, तो साचा माझाच होता.

कागद वाळला, मुखवटा सोडवला… आणि हातात सुमीचा चेहरा आला. तिचं नाक, तिची खळी.

“साचे बदलले असतील,” सर म्हणाले.

मी त्यांना भुवईचे केस दाखवले. सुमीच्या साच्यातून सुमीच निघाली होती, आणि माझ्यातूनही सुमीच.

“सर, पुन्हा साचा घेऊ?”

“पानी कुठाय पोरी? आन् मला दोघी एकसारख्याच पायजेत. लई बेस झालंय.”

मी आतून जळत होते. सगळं तिचंच होतं, आता माझा चेहरासुद्धा तिचाच?

सुमीनं तो मुखवटा घालून पाहिला. तिला गालात रुतायला लागला. मला मात्र चपखल बसला. बाहेरून ती, आतून मी.

नाटक सकाळी झालं, शाळेच्या पटांगणात. संपल्यावर पडद्यामागं आम्ही मुखवटे काढून बसलो होतो, घामानं निथळत. मामी तांब्या घेऊन आली. सरळ माझ्याकडे. पदरानं माझं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागं सारले.

“घे गं सुमे, पी. दमलीस लई.”

मग सुमीकडे वळून, “वंदना, तू बी घे.”

लख्ख उजेड होता. दोघींचे चेहरे उघडे.

सुमी हसली. “आई, मी सुमी हाय.”

मामी हसली नाही. तिच्याकडे नुसती बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, “हाव की… असं कसं झालं?”

दुसऱ्या दिवशी माझा साचा फुटलेला दिसला. सुमी म्हणाली, हातून पडला. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला ओळखीचं होतं… मी वर्षानुवर्षं तेच घेऊन त्या घरात वावरत होते. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी तुटक वागली.

मामी आता नाही. आम्ही दोघी आज्ज्या झालो, फोनवर तासभर बोलतो. मी कितीतरी तर्क करून पाहिले – कागद आकसला असेल, उन्हानं मामीला भोवळ आली असेल. एकही पटत नाही.

सुमी त्या साच्याबद्दल कधीच बोलत नाही. मागच्या महिन्यात मात्र एकदम म्हणाली, “वंदे, एक खरं सांग. आईनं तुझं तोंड पुसलं, तवा माझं पुसायची तसंच पुसलं का?”

“हो,” मी म्हणाले. “तसंच.”

तिनं फोन ठेवला नाही.