तिरक्या दोऱ्यांच्या बाई

"आधी चित्र काढ, मग रड," असं बाई म्हणायच्या.

गणित अडलं की आमच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचंच. बाई रागवायच्या नाहीत, समजूतही घालायच्या नाहीत. कोरा कागद पुढे सरकवायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. चहा होईपर्यंत कागदावर निदान वजनाच्या जागी एक ठिपका आणि त्यातून निघालेले ओढींचे तीन बाण आलेले असायचे. रडणं बहुतेक वेळा राहूनच जायचं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाई ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि संध्याकाळी इंदिरानगरातल्या घरी शिकवणी घ्यायच्या. एकट्याच राहायच्या. मी दिंडोरीजवळच्या खेड्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. बारावीसाठी शहरात मामाकडे राहायला आले होते. दोन तिरक्या दोऱ्यांनी टांगलेलं वजन पुस्तकात दिसलं की मी घाबरून पान उलटायचे.

एकदा गणित सुटलं, पण मीच ते खोडून टाकलं.

"का खोडलंस?" बाईंनी विचारलं.

"चुकलं बाई. दोरीतला ताण वजनाच्या दुप्पट आलाय. वजनापेक्षा जास्त कसा येईल?"

बाई उठल्या. पाण्याने भरलेली बादली आणली, कडीतून कपडे वाळत घालायची दोरी ओवली, एक टोक माझ्या हातात आणि दुसरं माझ्या मैत्रिणीच्या हातात दिलं. "उचला. आता लांब लांब सरका आणि दोरी अगदी सरळ करा."

आम्ही मागे रेललो. बादली जरा वर आली. दोरी सरळ व्हायला लागली तशी तळव्यांत रुतायला लागली. आणखी ओढलं, तर हात थरथरायला लागले, आणि तरी बादलीपाशी बाक उरलाच. शेवटी मैत्रिणीचा हात सुटला. पाणी थेट बाईंच्या साडीवर.

"बादली तीच होती ना?" निऱ्या पिळत बाई म्हणाल्या. "मग हात का भरून आले? दोरी आडवी होत गेली की तिची वर ओढायची ताकद थोडीच उरते. मग तेवढ्याच वजनासाठी तिला कितीतरी जास्त ताणावं लागतं. तुझं उत्तर बरोबर होतं. खात्री नसेल तर तपासायचं, खोडायचं नाही."

मला वाटतं, मी त्या दिवशी फिजिक्सला घाबरायचं सोडलं.

त्याच वर्षी, द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गडबडीत, आईला कावीळ झाली. वडील मला न्यायला आले. आईचं पथ्य, घरचा स्वयंपाक, मजुरांचा चहा, हे सगळं करायला घरात बाईमाणूस हवं होतं. मी कपडे भरून निघाले. परीक्षा पुढच्या वर्षी, असं वडील म्हणाले. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे मला कळत होतं. गावात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं.

रविवारी बाई एसटीने आमच्या गावी आल्या. आधी आईजवळ बसल्या, मग ओट्यावर वडिलांसमोर.

"पोरगी हुशार हाय, मला काय माहीत नाय का, बाई?" वडील म्हणाले. "पण घरात करनार कोन?"

बाईंनी खांबाला टेकून बसलेल्या माझ्या मोठ्या भावाकडे पाहिलं. "हा काय करतो?"

"त्यो? त्यो बागेत असतो."

"आणि बागेतून आल्यावर?"

वडील टोपी काढून झटकायला लागले.

"भाऊ, याला भूक लागते ना?" बाईंनी वडिलांना अगदी साधेपणाने विचारलं. "मग भाकरीही येईल. मी शिकवते."

आणि खरंच, पदर खोचून त्या चुलीपुढे बसल्या. भाऊ लाजून लाल झाला होता, पण पीठ मळत होता. पहिली भाकरी फाटली. दुसरी बाईंनी स्वतः खाल्ली आणि चांगली झाली म्हणाल्या. वडील बराच वेळ दारातून बघत उभे होते. संध्याकाळच्या गाडीला त्यांनीच माझी पिशवी उचलली.

आई बरी झाली. मी बारावी झाले, इंजिनिअर झाले, अंबडच्या एका कारखान्यात लागले.

बऱ्याच वर्षांनी कळलं, बाई घसरून पडल्यात, मांडीचं हाड मोडलंय. मी दवाखान्यात गेले. पाय दोरीने बांधलेला, दोरी कप्पीवरून गेलेली, टोकाला वजन.

"बस," बाई म्हणाल्या. "दोरीचा कोन किती वाटतो?"

"तीस अंश असेल, बाई."

"मग पायाच्या दिशेने किती ओढ?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मनात करून पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर. दुखतं मात्र त्याहून जास्त."

आम्ही दोघी हसलो. मग मी धीर करून म्हणाले, "बाई, तुम्ही त्या रविवारी गावी आला नसता तर..."

"आले होते ना? मग ‘नसते तर’ कशाला धरतेस?" असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी निघेपर्यंत सोडला नाही.

पुढे त्या काठी घेऊन चालू लागल्या, त्यांच्या भावाकडे अमरावतीला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला उशिरा कळलं.

इंदिरानगरातलं घर विकलं गेलं. तिथे आता लहान मुलांचा दवाखाना आहे. परवा माझी मुलगी तापली म्हणून तिला घेऊन गेले. जिथे आम्ही शिकायला बसायचो, तिथे बाकं टाकली आहेत. मुलगी मांडीवर झोपली होती. कंपाउंडर नाव-पत्ता लिहायचा कागद घेऊन आला.

"इथं पहिल्यांदाच आलात ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले.