राहणं-खाणं त्यांचं

मे महिन्यात सुट्टी लागून होस्टेलच्या जिन्यावर चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू झाला, की मला तलासरीतलं आमचं अंगण आठवतं. त्या वेळी दिवाळी नुकतीच झाली होती, झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास घरभर होता, आणि बाबा वीटभट्टीवर जाण्यासाठी टोप, तवा, गोधडी एका चादरीत बांधत होते. मला अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचे होते. न झेपणाऱ्या खर्चाची एकेक करून गळली आणि शेवटी दोनच उरली. एक मोठ्या शहरातलं, तिथे फी माफ, पण राहणं-खाणं आपलं. दुसरं कुठल्या तरी बर्फातल्या गावात, तिथे राहणं-खाणंही त्यांचंच. ‘दुसरंच बघते,’ मी म्हणाले. बाबांचा गाठ मारणारा हात थांबला. भट्टीवरही झोपडी आणि तांदूळ शेठचाच असायचा, आणि पावसाळा लागेपर्यंत तो घरी सोडायचा नाही. ‘राहायला देणार, खायला देणार. मग करून काय घेणार?’ ‘काही नाही, शिकवणार.’ त्यांना ते पटलं नाही. गाठ आवळून त्यांनी विचारलं, ‘पावसाळ्याला तरी सोडतात ना घरी?’ ‘सोडतात. पण विमानाचं भाडं आपलं.’ ‘म्हणजे नाही सोडत,’ ते म्हणाले, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्याला लागले. आता त्या दुसऱ्या कॉलेजच्या होस्टेलात, या मजल्यावर माझ्या एकटीच्याच खोलीत दिवा असतो. काल बाबांचा फोन आला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तो राब भाजून झाला म्हणाले, आणि मग, सगळं ठाऊक असूनही, हळूच विचारलं, ‘या वर्षीपण नाही सोडलं?’