जाते नाही, येते

येवल्याच्या एसटीत शेजारच्या बाईंनी मोबाइल रुमालात असा जपून धरला होता, जणू आत अंडं उबत होतं. सकाळी मुंबईहून त्यांची लेक विमानानं लंडनला निघाली होती आणि संध्याकाळ झाली तरी फोन नव्हता.

"लंडन किती लांब हाय हो, भाऊ?"

विमान मी आजवर फक्त खालून पाहिलेलं, पण बेधडक ठोकून दिलं, "सात हजार किलोमीटर. म्हणजे नाशिक-येवला नव्वदएक खेपा. नऊ-दहा तास लागतात. तिकडचे ढगसुद्धा मला नावानं ओळखतात, मावशी."

"लांबीचं काय नाय. पण निघताना घाईत पोरगी 'जाते' म्हणाली. 'येते' नाय म्हणाली."

मी उगाच त्यांच्या मोबाइलची रेंज तपासून दिली.

निफाड मागं पडलं आणि फोन वाजला. पोरगी सुखरूप पोचली होती. मावशींनी असा सुस्कारा सोडला की एसटीच्या काचा पार विंचूरपर्यंत थडथडत राहिल्या. फोन ठेवण्याआधी त्यांनी लेकीकडून 'येते' वदवून घेतलंच.

विंचूर आलं. "बरंय मावशी, जातो," म्हणत मी उठलो, तर त्यांनी माझी बाही धरली. कंडक्टर ओरडला, तरी सोडेनात.

"येतो," म्हणालो, तेव्हा कुठं मला उतरू दिलं.