तळ्याला दम देणारे अप्पा

माझे सासरे तळ्याला दम द्यायचे. ड्रेस्डेनच्या उत्तरेला, आमच्या घरापासून गाडीनं पंचवीस मिनिटांवर, तळीच तळी आहेत. त्यातल्या एकाच्या काठावर स्टँड लावून, कॅमेरा चढवून, कमरेवर हात ठेवून ते उभे राहायचे आणि वाऱ्यानं पाणी जरा थरथरलं की म्हणायचे, "हलू नका. हलू नका म्हटलं ना? एवढे मोठे झालात, दोन मिनिटं गप राहता येत नाही?" जर्मनीत रस्त्यात मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघतात. तळ्याला झापणाऱ्या माणसाकडे मात्र बघत नाहीत, लांबून वळसा घालून जातात.

दिनकरराव शेटे, म्हणजे केतकीचे वडील, म्हणजे आमचे अप्पा. विट्याच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी आणि शाळेतली ओळखपत्रं काढली. तालुक्यातलं एक थोबाड त्यांच्या हातून सुटलं नसेल. मग मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, सासूबाई गेल्या, आणि अप्पा पहिल्यांदा आमच्याकडे आले ते जुना डिजिटल कॅमेरा आणि दहा किलो शेंगदाण्याची चटणी घेऊन. आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता माणसांचे फोटो काढणार नाही. "माणसाला सगळं गोरं पाहिजे, बारीक पाहिजे, आणि परत म्हणणार, हा मी नव्हेच. तळं असलं काही बोलत नाही."

जावई म्हणजे दशमग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. या ग्रहाच्या खांद्यावर अप्पांनी दुसऱ्याच दिवशी स्टँड दिला. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, हे सगळं तळ्याकाठी शून्य. तिथं माझं काम पिशवी धरणं, डास मारणं आणि सावली फ्रेममध्ये न पाडणं. एकदा मी म्हटलं, अप्पा, आता कॅमेऱ्यात रीळ नसतो, धडाधड शंभर काढा आणि त्यातला एक ठेवा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. "जावईबापू, पंगतीतल्या शंभर ताटांत बोट घालून एक ताट निवडायचं असतंय का? बसायचं एका ताटावर. आणि घाई करायची नाही. घाई केली की पासपोर्ट साइज येतोय."

बेत साधा होता. एकच तळं, एकच जागा, चार ऋतू, चार फोटो. ते विट्याच्या वाचनालयात लावायचे. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या मर्जीनं काढलं, हे चार तेवढे स्वतःचे, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना थट्टा करायचे नाहीत. म्हणून मला ठाऊक होतं की हे प्रकरण गंभीर आहे. अडचण एवढीच की ऋतू चार आणि व्हिसा नव्वद दिवसांचा. एका मुक्कामात एकच ऋतू हाती लागणार, आणि वर्षातून एकच फेरी परवडणार. म्हणजे चार ऋतूंना चार वर्षं. सत्तरीतल्या, बायपास झालेल्या माणसानं असला हिशोब मांडावा, याला धाडस म्हणावं की खुळेपणा, यावर केतकी आणि मी बरेच भांडलो.

पहिला उन्हाळा. इकडच्या लोकांना उन्हाळ्यात तळ्यावर कपडे काढून पोहायची जुनी सवय आहे, हे अप्पांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. राहिलं म्हणजे काय, सासऱ्यांना हे कुठल्या तोंडानं सांगणार? एका सकाळी पाणी अगदी आरशासारखं झालं, अप्पांनी श्वास धरला, आणि सत्तरीचं एक जोडपं जन्मले तसं येऊन "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणत फ्रेमच्या मधोमध उभं राहिलं. मी पिशवीत काहीतरी शोधू लागलो. अप्पांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. मग लग्नात फोटोला उभ्या केलेल्या व्याह्यांना सरकवतात तसं हातानं खुणावलं, जरा डावीकडे, अजून थोडं, बास. ती दोघं निमूटपणे सरकली. फोटो झाला. परत येताना गाडीत ते म्हणाले, "चाळीस वर्षं बायकांना पदर नीट करा आणि पुरुषांना कॉलर नीट करा म्हणून सांगितलं. इथं नीट करायला सांगावं तरी काय?" केतकीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. तिला ते त्यांनीच रात्रीच्या जेवणाला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी पानगळ. केतकीनं अप्पांना तळ्यावर सोडलं होतं, आणि मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला, तळं गेलं म्हणून. मला वाटलं, त्यांना भोवळ आली असणार. धावत गेलो तर खरोखरच तळं गेलं होतं. इकडे ही तळी माशांसाठी राखतात आणि ऑक्टोबरात पाणी सोडून देऊन मासे धरतात. रबरी विजारी घातलेले चार-पाच कोळी चिखलात उभे होते आणि काठावर अप्पा त्यांना मराठीत फैलावर घेत होते. विट्याचा, म्हणजे दुष्काळी खानापूर तालुक्यातला माणूस. टँकरच्या मागे घागर घेऊन पळालेला. भरलेलं तळं कुणी हौसेनं रिकामं करतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. कोळ्यांना वाटलं, आजोबांना मासा हवाय. त्यांनी चांगला दोन किलोचा कार्प पिशवीत घालून दिला. जन्मभर अंडंसुद्धा न खाल्लेले अप्पा तो मासा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले आणि तो मध्येच हलला की त्यालाही म्हणाले, हलू नका.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून ते परत तिथेच गेले. ओला चिखल चमकत होता आणि त्यात काठावरच्या झाडांचा लाल रंग उतरला होता. पाणी नसलेल्या तळ्याचा तो फोटो त्यांचा सगळ्यात चांगला फोटो आहे. मला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळतं.

तिसऱ्या वर्षी वसंत निर्विघ्न पार पडला. उरला हिवाळा.

चौथ्या वर्षी डिसेंबरात अप्पा आले ते दोन स्वेटर, माकडटोपी आणि गोळ्यांचा डबा घेऊन. त्यांना बर्फ हवा होता. आणि त्या वर्षी बर्फानं दडी मारली. पाऊस, चिखल, धुकं, पुन्हा पाऊस. अप्पा जर्मन भाषेतला एकच शब्द शिकले, श्ने, म्हणजे बर्फ. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन ते विचारायचे, "हॉयटं श्ने?" आणि तिथली बाई हळहळून म्हणायची, "लायडर नाइन," म्हणजे आजही नाही हो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी म्हटलं, अप्पा, हा ओला हिवाळाच काढा की, हाही हिवाळाच. ते म्हणाले, नवरी आली नाही म्हणून करवलीचा फोटो काढून कुणी लग्नाच्या अल्बममध्ये लावतं का?

नव्वदाव्या दिवशी सकाळी पडदा सरकवला आणि बाहेर सगळं पांढरं.

त्याच दिवशी त्यांचं विमान होतं, ड्रेस्डेनहून फ्रँकफर्ट आणि पुढे मुंबई. केतकी दारातूनच निरोप देऊन कामाला गेली, जाताना मला बजावून गेली की सरळ विमानतळ. अप्पांनी बॅगा मागे टाकल्या, पण कॅमेरा मांडीवर घेतला. विमानतळाच्या अलीकडे एक सिग्नल आहे. तिथून सरळ गेलं की विमानतळ, डावीकडे वळलं की पंधरा मिनिटांवर तळं. सिग्नल लाल होता.

"जावईबापू, डावीकडे घ्या की," अप्पा म्हणाले.

मी समजावलं. जायला पंधरा, यायला पंधरा, रस्ता निसरडा. विमान चुकलं तर व्हिसाच्या वर एक दिवस होणार आणि मग पुढचा व्हिसा विसरा.

"दहा मिनिटांत काढतो."

"अप्पा, घाई केली की पासपोर्ट साइज येतो. तुम्हीच म्हणता."

ते हसले. खरंच हसले. म्हणाले, बरोबर आहे तुमचं. सिग्नल हिरवा झाला आणि मी सरळ गेलो.

विमानतळावर पोचून बॅगा दिल्या आणि मग फलकावर दिसलं, बर्फामुळे विमान अडीच तास उशिरा. फ्रँकफर्टचंही सगळं तेवढंच रखडलेलं, म्हणजे पुढचं विमानही चुकणार नव्हतं. आता परत जाऊ म्हटलं, तर बॅगा आत गेल्या होत्या आणि बायपासमुळे अप्पांसाठी आधीच सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची ढकलणारी बाई त्यांना घेऊन निघाली होती. मी तिथं उभा होतो आणि मला माझाच इतका राग आला की त्या फलकावर काहीतरी फेकून मारावं. अप्पांनी माझा हात धरून थोपटला. "असू द्या ओ. तुमची चूक नाही. तुम्ही इंजिनिअर आहात."

तिथून मी एकटाच तळ्यावर गेलो. त्यांच्या जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांना पाठवला. फ्रँकफर्टहून उत्तर आलं: छान आलाय, क्षितिज सरळ आहे, पण हा तुमचा.

पुढच्या डिसेंबरात परत यायचं ठरलं होतं. श्रावणात अप्पा झोपेतच गेले. दिवसांना आम्ही विट्याला पोचलो तेव्हा कळलं की त्यांनी वाट न बघता वैशाखातच वाचनालयात प्रदर्शन लावलं होतं. तीन फोटो आणि शेजारी एक रिकामी चौकट, खाली नीट अक्षरात 'हिवाळा'. बघायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, हे काय, आणि अप्पा प्रत्येकाला सांगायचे की चौथा ऋतू जावयानं खाल्ला. सांगायचे आणि पोट धरून हसायचे, म्हणे. सगळ्या गावाला पाठ झालं होतं ते. तेराव्याच्या पंगतीत मी वाढायला उठलो, तर वाचनालयाचे म्हातारे ग्रंथपाल पानावरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ऋतू खाल्लेले जावई ते तुम्हीच का?

मी म्हटलं, हो, मीच. आणि त्यांच्या पानात भात वाढला.